मगनवाडीचा कोंडा

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले, तेव्हा गांधीजी आणि त्यांचे सहकारी, अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा गिरणीच्या पांढऱ्याशुभ्र तांदळाच्या मागे हात धुऊन लागले. तांदूळ हातसडीचा हवा, पीठ जात्यावरचे आणि न चाळलेले हवे. गिरणीमुळे कोंड्याबरोबर जीवनसत्त्वे जातात आणि गावातल्या हातांचे काम जाते, ही त्यांची कारणे. आणखी एक कारण होते, पण ते त्या काळी फारसे कुणाला ठाऊक नव्हते. कोंड्यातला जो चोथा आपल्याला पचत नाही, त्यावर मोठ्या आतड्यात एक वेगळीच पंगत बसलेली असते.

ही पंगत जिवाणूंची. २०१६ मधल्या एका अंदाजानुसार माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात आणि जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. चोथा आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बरीचशी ऊर्जा त्यावरच मिळवतात. चोथा मिळाला नाही, तर काही जिवाणू अस्तरावरच्या बुळबुळीत थरालाच तोंड लावतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील योगेश शौचे आणि सहकाऱ्यांना भारतीयांच्या आतड्यात ‘प्रिव्होटेला’ कुळातले जिवाणू अधिक आढळले. धान्य-डाळींच्या जेवणाशी या कुळाचे नाते जोडले जाते. म्हणजे परदेशातल्या पोटाचा निष्कर्ष ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या पोटाला जसाच्या तसा लावता येत नाही.

या वस्तीत आणखी एक रहिवासी आहे: जिवाणूभक्षी विषाणू, म्हणजे बॅक्टेरिओफाज. त्याची पहिली चाहूल लागली ती भारतातच. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, अशी नोंद अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ मध्ये केली. त्यांना दिसले ते फाजचेच काम असावे, असे पुढे मानले गेले. १९१७ मध्ये फेलिक्स द’एरेल यांनी फाजला नाव दिले आणि दहा वर्षांनी ते पटकीवर फाजचा प्रयोग करायला भारतात आले. फाज ठरावीक जिवाणूलाच चिकटतो, आपली जनुके आत सोडतो, प्रजा वाढवतो आणि जिवाणू फोडून बाहेर पडतो. मात्र त्याला सरसकट मित्र समजू नये. काही फाज जिवाणूला न मारता त्याच्या जनुकांत दडून बसतात. पटकीच्या जंतूला माणसाचा जीव घेणारे विष तयार करायला शिकवणारे जनुक अशाच एका फाजकडून आलेले आहे, हे १९९६ मध्ये सिद्ध झाले.

असा गुंतागुंतीचा संसार अँटिबायोटिक एका फटक्यात उधळते. गरज असेल तेव्हा ते जीव वाचवते, यात वाद नाही. पण सर्दी विषाणूची असते, तिच्यावर या गोळ्यांचा काही उपयोग नाही, तरीही त्या मागून घेतल्या जातात. अशा वापरानेच औषधांना न जुमानणारे जंतू बळावतात. त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) जाळ्यात सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थाही आहे. हा प्रश्न आपल्या उंबऱ्यापर्यंत आला आहे, असाच त्याचा अर्थ.

दुसरीकडे ‘चांगले जंतू’ पुडीत भरून विकणारा बाजार तेजीत आहे. विज्ञान तेवढे उदार नाही. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवर झालेल्या चाचणीत एका विशिष्ट जिवाणूने, त्याच्या खाद्यासह, रक्तसंसर्ग व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आणले. हा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठेच यश, पण ते त्या जिवाणूचे, त्या वयाचे आणि त्या मात्रेचे. दुकानातल्या कोणत्याही पुडीला ते श्रेय उसने देता येणार नाही.

आपल्याकडे महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला ज्वारीचे पीठ आंबवून केलेली आंबील लागते. शिजवताना तिच्यातले बहुतेक जंतू मरतात, हे कबूल. चोथा मात्र उरतो. गांधीजींना सूक्ष्मजीवशास्त्राचे द्रष्टे ठरवण्याची गरज नाही, त्यांचा हिशेब वेगळा होता. पण पुडी विकत घेण्याआधी घरातल्या पिठाची चाळणी बाजूला ठेवावी, आंबील सणापुरती ठेवू नये आणि डॉक्टरांनी ‘गोळी नको’ म्हटले, तर दुसरा दवाखाना शोधू नये, एवढी वाचकांना विनंती.