कट नको, डाळ द्या

तुरीची डाळ शिजली की थोडा वेळ हलवायची नाही. डाळ तळाला बसते आणि वर पिवळसर, निवळ पाणी येतं. तो कट. पुरणाच्या दिवशी हरभऱ्याच्या डाळीचा निघतो तो आमटीला जातो, रोजच्या तुरीचा निघतो तो घरातल्या तान्ह्याला. आमच्या घरात तरी असंच चालत आलंय. गेल्या आठवड्यात मी तो चांदीच्या वाटीत काढला, दोन थेंब तूप सोडलं आणि नातीला मांडीवर घेतलं. एवढ्यात अंगणवाडीच्या अक्का दारात हजर. पोरीचं वजन करायचं राहिलं होतं. वाटीत डोकावल्या आणि म्हणाल्या, “कट्ट ब्याड्री अज्जी, ब्याळी कोड्री.”

कट नको आजी, डाळ द्या.

आमच्या कडगंची गावात हे असं अर्धं कानडी, अर्धं मराठी चालतं. गुरुचरित्राचा कर्ता सरस्वती गंगाधर इथल्याच सायंदेवाच्या वंशातला. आपल्याला मराठी येत नाही, अशी कबुली देऊन त्याने एवढा मोठा मराठी ग्रंथ लिहिला. मी अक्कलकोटहून लग्न होऊन इथे आले ती कानडी येत नाही म्हणत, आणि चाळीस वर्षांत भांडण्यापुरती शिकले. त्यामुळे अक्कांना चटकन उत्तर देता आलं. म्हटलं, पोरीला दात नाहीत, पोट कोवळं आहे, तुमच्या त्या ब्याळीने पोट फुगलं तर रात्रभर कोण जागणार? अक्का काही बोलल्या नाहीत. वाटीतला कट चमच्यात घेतला आणि चमचा वाकडा केला. सगळा कट एका क्षणात वाटीत परत. मग पातेल्याच्या तळची डाळ पळीने घोटून चमच्यात घेतली, पुन्हा वाकडा केला. डाळ जागची हलली नाही. “चिकटून राहतं ते अन्न,” म्हणाल्या आणि तराजू काढायला लागल्या.

त्या गेल्यावर सुनेने हिशेब मांडला. तिला हिशेब मांडायला आवडतो. फोनवर सगळं साठवलेलं असतं. आईच्या शंभर मिलीलिटर दुधात साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात, कटात त्याहून खूपच कमी. बाळाचं पोट केवढं, तर जेमतेम वाटीभर. सहा महिन्यांनंतर दुधावर भागत नाही. रोज आणखी दोनशेच्या आसपास कॅलरी लागतात, नवव्या महिन्यापासून तीनशे. शिवाय आईच्या पोटातून आणलेली लोहाची शिदोरी याच सुमाराला संपत येते. अशा वेळी ते वाटीभर पोट कटाने भरलं की दूध कमी प्यायलं जातं आणि अन्नही गेलेलं नसतं. म्हणजे मी प्रेमाने तूप घालून पोरीला उपाशी ठेवत होते.

दोन दिवस मी रुसले. नंतर आठवायला लागलं की हा कट तान्ह्याला द्यायचं मला शिकवलं कोणी? सासूबाईंनी. घरात तेव्हा अकरा माणसं आणि एक पातेलं. घट्ट डाळ रानात जाणाऱ्या पुरुषांच्या ताटात. मधली शाळेच्या पोरांना. आणि वरचा कट बाळाला आणि बाळंतिणीला, कारण तो ‘हलका’. मीही बाळंतपणात महिनाभर तो हलका कट प्यायले आणि सगळे माझी किती काळजी घेतात म्हणून भरून आलं होतं. आता वाटतं, हलकं म्हणून आमच्या वाट्याला जे यायचं, ते बहुतेक वेळा स्वस्तही असायचं.

आणि हे कुठे, तर कलबुर्गी जिल्ह्यात. इथल्या डाळीला २०१९ साली ‘गुलबर्गा तूर डाळ’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. सध्या आळंद रस्त्याला दोन्ही बाजूंनी तुरीची रास चालू आहे, भुश्श्याने नाक हुळहुळतं. देशाला डाळ घालायची आणि घरच्या बाळाला तिचं पाणी! २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं देशभरात फक्त ११.३ टक्के निघाली. त्याला गरिबी आहेच. पण भरल्या घरातला कटही असणार, माझ्यासारख्या आज्यांच्या हातचा.

सुरुवात कधी करायची यावरून आमच्याकडे आधीच एक लढाई होऊन गेली होती. मुलाचं उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात, हा रिवाज. मी पाचवा धरून बसले, सून म्हणे सहा पूर्ण झाल्याशिवाय थेंब नाही. माझी बाजू अगदीच पोकळ नव्हती. माझा मुलगा १९९१ सालचा. तेव्हा शहरातल्या डॉक्टरांनीच चार महिन्यांनी डब्यातलं पीठ चालू करायला सांगितलं होतं. डब्यावर गुबगुबीत बाळाचं चित्र. १९९२ साली बाळांच्या दुधाचा आणि खाद्याचा कायदा आला, त्यातही पूरक आहाराचं वय चार महिनेच होतं. २००१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने सहा महिने निव्वळ आईचं दूध असं ठरवलं आणि २००३ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यातही चाराचे सहा झाले. म्हणजे मी अडाणी नव्हते, जुन्या आवृत्तीची होते.

शेवटी यजमानांनी बोटं मोजली. सहा पूर्ण झाले म्हणजे सातवा लागला. सातवा विषम. डॉक्टरही जिंकले आणि रिवाजही. मुहूर्त येळवशीच्या सणाच्या आगेमागे आला, त्यामुळे पाहुण्यांना भज्जी, उंडे आणि आंबील आयतीच होती.

मामा उदगीरहून आला. सोन्याच्या अंगठीने खीर चाटवायची म्हणून अंगठी उकळत्या पाण्यातून काढायला लावली, तर बिचारा पोळला. मधाची बाटली सुनेने आदल्या दिवशीच कपाटात कुलूपबंद करून ठेवली होती. वर्षाच्या आत मध नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी तान्ह्यांना क्वचित पण जिवावरचा आजार होतो. चुलत सासरे तणतणले की शास्त्रात मध आहे. आहे खरा. आश्वलायन गृह्यसूत्रात सहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगितलंय, दही-मध-तूप कालवून. पण त्याच्या आधीच्या ओळी ते वाचत नाहीत. अन्नसमृद्धी हवी असेल तर बाळाला बोकडाचं मांस, ब्रह्मतेज हवं असेल तर तित्तिर पक्ष्याचं. आणि मुलगी असेल तर हेच सगळं करायचं, फक्त मंत्र म्हणायचे नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये आमच्या कल्याण कर्नाटकातल्या शाळांत मध्यान्ह भोजनात उकडलेलं अंडं आलं, तेव्हा काही मठाधीशांनी केवढा विरोध केला होता. तित्तिराची गोष्ट त्यांना कुणी सांगितली नसावी. आमच्या घरात अंडं शिजत नाही. शेजारच्या अव्वांच्या घरी शिजतं, आणि सून सध्या त्यांच्याकडे जरा जास्तच जाते. मी विचारत नाही.

मी मात्र एका बाबतीत जिंकले. ती ज्वारी. सुनेला नाचणी हवी होती, कारण फोनमध्ये सगळीकडे नाचणी. मी म्हटलं, दारात शाळू असताना नाचणी कशाला आणायची दुकानातून? ज्वारी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, कडकडीत वाळवायची, मोड चोळून चोळून पाखडून टाकायचे, मग मंद भाजून दळायची. मोड काढायचेच. ज्वारीच्या कोंबात विष धरतं, कोवळ्या ताटाने जनावर दगावतं, हे इथल्या गुराख्यालाही ठाऊक असतं. हे पीठ एक चमचाभर घट्ट लापशीत घातलं की लापशी पाणी न घालताच सैल होते. सासूबाई ही युक्ती करायच्या. मोड येताना धान्यात तयार झालेलं पाचकद्रव्य पिठातला स्टार्च तोडतं, म्हणून असं होतं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी नेमका याच गोष्टीचा अभ्यास केला. गिळायला सोपं, पण पाणचट नाही. ज्या बाईने मला कट शिकवला, तिनेच हेही शिकवलं होतं. कट मी लक्षात ठेवला आणि मोडाचं पीठ विसरले, कारण पिठाला तीन दिवस लागतात आणि कट आयता मिळतो.

तर आता रोजचा क्रम असा. सकाळी ज्वारीची लापशी, दुपारी घोटलेली डाळ आणि मऊ भात. वरून चमचाभर तूप. मीठ नाही, साखर नाही. मी चाखून बघते आणि दर वेळी वाटतं, हे कोण खाणार? पहिल्या दिवशी तिने जिभेने सगळं बाहेर ढकललं. दुसऱ्या दिवशी निम्मं. चौथ्या दिवशी चमचा यायच्या आधीच तोंड उघडलं. तीन-चार चमचे झाले की ती मान फिरवते, भिंतीवरच्या पालीकडे बघते, आणि मग कावळा-चिमणीच्या नावाने एकही घास आत जात नाही. पूर्वी मी तरीही भरवला असता. आता चमचा खाली ठेवते. अर्थात सून बघत असेल तर.

अक्का काल पुन्हा येऊन गेल्या. काटा पुढे सरकलाय. त्यांनी विचारलं, कटाचं काय करता? म्हटलं, लसूण-मिरचीची फोडणी देऊन रात्री भाताबरोबर यजमानांना वाढते. त्यांची कवळी दुरुस्तीला गेलीय. त्यांना हलकंच लागतं.