खातेवही परक्या गोदामात, मग हजेरी कोणी घ्यायची?

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. तुमची खातेवही आज कोठे आहे? पूर्वी हा प्रश्न कोणी विचारला असता तर दुकानदाराने गल्ल्यामागच्या कपाटाकडे बोट दाखविले असते. आज तो मोबाईल पुढे करतो आणि म्हणतो, "यात आहे." वस्तुस्थिती अशी की, ती बहुधा त्यात नसते. मोबाईल ही केवळ खिडकी होय. उधारी, बिले, मागणीपत्रे आणि कारागिरांची मजुरी हा सारा मजकूर मुंबई, हैदराबाद किंवा आणखी कोठल्या तरी शहरातील एका मोठ्या इमारतीत, भाड्याच्या संगणकांवर असतो. यालाच लोक क्लाउड म्हणतात. नाव ढगाचे असले तरी ते दुसऱ्याचे गोदाम आहे आणि आपण तेथील भाडेकरू आहोत.

भाड्याच्या गोदामात माल ठेवणारा व्यापारी अधूनमधून जाऊन कुलूप पाहतो, छत गळते काय ते पाहतो, पोत्यांची मोजदाद करतो. मात्र खातेवहीच्या गोदामाकडे तो वर्षानुवर्षे फिरकत नाही. ही बेफिकिरी एक दिवस महागात पडेल आणि ती टाळण्याचे साधन फुकट उपलब्ध आहे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

समूह म्हणजे काय?

मोठ्या धंद्याची माहिती एकाच संगणकावर ठेवीत नाहीत. अनेक संगणक मिळून एक खाते सांभाळतात, त्याला डेटाबेस क्लस्टर म्हणजे माहितीकोशाचा समूह म्हणतात. उदाहरणादाखल अॅमेझॉन कंपनीची ऑरोरा ही सेवा घ्या. तिच्या समूहात एक संगणक नोंदी लिहिण्याचे काम करतो, बाकीचे वाचून दाखविण्याचे. खालची साठवण तीन वेगवेगळ्या केंद्रांत मिळून सहा प्रतींत ठेवली जाते. या कंपनीचा मुंबई विभाग 2016 साली आणि हैदराबाद विभाग 2022 साली सुरू झाला, त्यामुळे आपल्याकडील बऱ्याच छोट्या-मोठ्या धंद्यांची माहिती आता देशातच राहू शकते.

सहा प्रती म्हटले की माणूस निर्धास्त होतो. गफलत होते ती येथेच. सहा प्रती यंत्र बिघडले तर उपयोगी पडतात, माणूस चुकला तर नाही. कोणी चुकून उधारीचे सारे पान पुसले तर ते सहाही ठिकाणी तितक्याच तत्परतेने पुसले जाते. त्या वेळी तारून नेतो तो निराळा काढून ठेवलेला बॅकअप. तो निघतो आहे काय, किती दिवसांचा ठेवला जातो आहे, हे मालकाला ठाऊक असावयास हवे.

हजेरी घेणारे साधन

अन्सिबल नावाचे एक मुक्त साधन 2012 साली निघाले. 2015 मध्ये रेड हॅट कंपनीने ते चालविणारी कंपनी विकत घेतली. या साधनाला कामाची यादी साध्या मजकुरात लिहून द्यावयाची असते. तिला प्लेबुक म्हणतात. यादी एकदा लिहिली की रोज ठरलेल्या वेळी तेच काम, त्याच क्रमाने, न कंटाळता होते.

त्यातील काही घटक केवळ चौकशी करणारे आहेत. ऑरोरा समूहांसाठी 'आरडीएस क्लस्टर इन्फो' असा घटक आहे. तो काही बनवीत नाही, बदलत नाही, पुसत नाही. फक्त विचारून येतो आणि सांगतो की, समूह किती आहेत, त्यांची नावे काय, प्रत्येकात सदस्य संगणक किती, कोणती आवृत्ती चालू आहे, बॅकअप किती दिवस ठेवला जातो, साठवण सांकेतिक लिपीत बंद आहे की उघडी आणि चुकून पुसले जाऊ नये म्हणून असलेली अटकाव-सोय चालू आहे की बंद. इतर मोठ्या क्लाउड कंपन्यांसाठीही असे चौकशीचे घटक आहेत.

ही माहिती संकेतस्थळावर जाऊन हातानेही पाहता येते, हे खरे. पण माणूस पहिल्या आठवड्यात रोज पाहतो, दुसऱ्या आठवड्यात एकदा आणि त्यानंतर काही घडल्यावरच. शिवाय आज एक रकाना पाहिला तर उद्या दुसराच. यंत्र रोज तेच प्रश्न विचारते, म्हणून कालच्या उत्तराशी आजचे उत्तर ताडून पाहता येते. आमच्या मते स्वयंचलित साधनाचा खरा फायदा वेळ वाचण्यात नसून या सातत्यात आहे.

एका मोठ्या कंपनीचा धडा

31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या संगणक कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या एका अभियंत्याने दुय्यम संगणकावरची माहिती पुसावयाची म्हणून मुख्य संगणकावरची पुसली. चूक ध्यानात येईपर्यंत सुमारे 300 गिगाबाइट माहिती गेली होती. बॅकअप शोधावयास गेले तर तो रिकामा. आवृत्त्यांचा मेळ नसल्यामुळे बॅकअपचे काम कधीपासून अपयशी ठरत होते आणि त्याची सूचना देणारी पत्रे टपाल-व्यवस्थेतच नाकारली जात होती. सुदैवाने घटनेच्या सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेली एक नक्कल शिल्लक होती, तिच्यावर निभावले. तरीही मधल्या सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने हे सर्व लपविले नाही, जाहीरपणे सांगितले, ही गोष्ट प्रशंसनीय होय.

या घटनेतून व्यापाऱ्याने काय घ्यावे? तक्रार आली नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे मानू नये. बिघाड झाला तरच कळवा, अशी व्यवस्था स्वतःच बिघडली तर कळविणार कोण? म्हणून हजेरीचा कागद सर्व काही ठीक असतानाही रोज आला पाहिजे. ज्या दिवशी तो आला नाही, तो दिवस चौकशीचा.

कायदा काय म्हणतो?

वस्तू व सेवा कराच्या 2017 च्या केंद्रीय कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपून ठेवावी लागतात. आता याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. ऑरोरा समूहाचा आपोआप निघणारा बॅकअप कमीत कमी 1 दिवस आणि जास्तीत जास्त 35 दिवस ठेवता येतो. कोठे 72 महिने आणि कोठे 35 दिवस! बॅकअप चालू आहे, एवढ्या उत्तरावर समाधान मानणाऱ्याने या दोन आकड्यांचा विचार करावा. मधल्या काळासाठी हाताने काढलेल्या नकला किंवा निराळी साठवण ठेवावी लागते. ज्यांची नोंदणीकृत कंपनी आहे त्यांच्यासाठी 2022 च्या दुरुस्तीपासून हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवण्याचे बंधन आहे. रोजची अट आली म्हणजे रोजची हजेरीही आलीच.

आक्षेप आणि उत्तर

कोणी म्हणेल, आम्ही भिवंडीत चार माग चालविणारी माणसे, हे आमचे काम नव्हे. मान्य. प्लेबुक तुम्ही लिहू नये. पण ज्याला सॉफ्टवेअरचे पैसे देता त्याच्याकडून रोजचा कागद मागणे हे तुमचेच काम आहे. मुनीम हिशेब लिहितो म्हणून मालक जमा-खर्च पाहणे सोडतो काय? कापडाचा व्यापार ऑनलाइन करणाऱ्यांनी आणि स्वतःचे सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्यांनी ही अट करारातच घालावी. तयार अॅप वापरणाऱ्यांना थेट चौकशी करता येणार नाही. त्यांनी निदान कंपनीला लेखी विचारावे की, आमची माहिती कोठे आहे, बॅकअप किती दिवसांचा आहे आणि उद्या आम्ही तुम्हाला सोडले तर आमची खाती कोणत्या स्वरूपात परत मिळतील.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यंत्राच्या हाती किल्ली दिली आणि त्यानेच नासधूस केली तर? ही भीती रास्त आहे, कारण त्याच अन्सिबलमध्ये समूह पुसून टाकणारे घटकही आहेत. म्हणून हजेरी घेणाऱ्याला फक्त वाचण्याचा परवाना असलेली निराळी किल्ली द्यावी, मालकाची मुख्य किल्ली कदापि देऊ नये. हजेरीचा कागदही चारचौघांत फिरवू नये, कारण त्यावर गोदामाचा पत्ता असतो.

साधनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ही चौकशी एका वेळी एकाच विभागाची होते. मुंबईची हजेरी घेतली आणि कोणी चाचणीसाठी परदेशातील विभागात उघडलेला समूह तसाच राहिला, तर त्याचे भाडे चालूच राहते. थांबवून ठेवलेला ऑरोरा समूहही सात दिवसांनी आपोआप सुरू होतो. तेव्हा यादीत सर्व विभाग घालावेत. त्याचप्रमाणे हाताने काढलेल्या नकलांची आणि एकेका संगणकाची चौकशी करणारे घटक वेगळे आहेत, तेही जोडावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हा कागद गोदामाच्या कुलपाची खात्री देतो, आतल्या मालाची नाही. त्यासाठी तीन महिन्यांतून एकदा तरी बॅकअपमधून खातेवही दुसरीकडे उभी करून एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाची बाकी जुळते काय ते पाहावे.

खातेवहीत केवळ आपली कमाई नसते. दुसऱ्याचे देणे, विणकराची न चुकविलेली मजुरी, गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला आगाऊ पैसा हेही तिच्यात लिहिलेले असते. ती नाहीशी झाली तर आपला तोटा होईलच, पण ज्याच्याकडे दुसरा पुरावा नाही अशा कारागिराचा हक्कही बुडेल. दुसऱ्याची अमानत सांभाळणाऱ्याला 'मला ठाऊक नव्हते' हे उत्तर शोभत नाही. म्हणून आमची विनंती एवढीच की, या आठवड्यात आपल्या सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा आणि विचारा, "आमच्या खातेवहीची आजची हजेरी कोठे आहे?" त्याच्याकडे उत्तर नसेल तर उद्यापासून तयार ठेवावयास सांगा.