विश्लेषण : ‘चवीपुरते मीठ’ म्हणजे नेमके किती?

पाककृतींच्या पुस्तकात हळद, तिखट, गूळ सारे चमच्याने मोजलेले असते. मीठ मात्र ‘चवीपुरते’. या चवीपुरत्या मिठाचे प्रमाण २०२५ पर्यंत ३० टक्क्यांनी खाली आणण्याचे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी २०१३ मध्ये स्वीकारले होते. भारतानेही ते आपल्या आराखड्यात घेतले. मुदत उलटली, उद्दिष्ट दूरच राहिले आणि आता २०३० ची भाषा सुरू झाली आहे. अतिरिक्त सोडियमशी संबंधित मृत्यूंचा संघटनेचा अंदाज वर्षाला सुमारे १९ लाखांचा आहे.

मर्यादा किती, खातो किती?

प्रौढ व्यक्तीने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण सपाट चहाचा चमचाभर मीठ खावे, असे संघटना सांगते. त्यात आमटी-भाजीतले, पानात वाढलेले, लोणच्यातले आणि बाहेरच्या खाण्यातले असे सगळे मीठ आले. देशात २०१७-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत सरासरी आठ ग्रॅम निघाली, पुरुषांची ८.९, स्त्रियांची ७.१. जगाची सरासरी याहून जास्त, पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास आहे. पण त्यात समाधान मानण्यासारखे काही नाही.

हा आकडा घरातही ताडून पाहता येतो. चार मोठ्या माणसांच्या घरात माणशी पाच ग्रॅम धरले, तर एक किलोचा पुडा ५० दिवस पुरायला हवा. दर महिन्याच्या वाणसामानात एक पुडा लागत असेल, तर हिशेब माणशी आठ ग्रॅमच्या वर जातो. त्यातले थोडे मीठ भाजी धुण्यात, पाण्यात वाया जाते हे खरे. पण पाव, वेफर्स, फरसाण आणि हॉटेलातले जेवण या पुड्यात धरलेलेच नसते.

शरीरात काय होते?

मिठाचा ४० टक्के भाग सोडियम असतो. रक्तात सोडियम वाढले की शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांवरचा दाब चढतो. जादा सोडियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे. वर्षानुवर्षे हा भार राहिला की हृदय, मेंदू आणि खुद्द मूत्रपिंडे यांना त्याची किंमत मोजावी लागते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रियांना उच्च रक्तदाब आहे किंवा त्यासाठी त्या औषधे घेत आहेत.

पाच ग्रॅमच्या मर्यादेवर सर्वच शास्त्रज्ञांचे एकमत नाही. अनेक देशांत झालेल्या ‘प्युअर’ अभ्यासातील संशोधकांच्या मते फार कमी मीठही धोक्याचे ठरू शकते. मात्र त्यांनी एकदाच घेतलेल्या लघवीच्या नमुन्यावरून दिवसभराचे मीठ ठरवले, ही पद्धतच वादग्रस्त आहे. आणि फार मीठ घातक, याबद्दल दोन्ही बाजूंना शंका नाही.

मीठ येते कुठून?

खरा पेच इथे आहे. अमेरिकेत आहारातील सुमारे ७० टक्के सोडियम पाकीटबंद आणि उपाहारगृहांतील पदार्थांतून येते. त्यामुळे तिकडचे उपाय कारखान्याच्या दारात सुरू होतात. ब्रिटनने उत्पादकांना पदार्थनिहाय लक्ष्ये दिली आणि दशकभरात लोकांचे सरासरी सेवन ९.५ वरून ८.१ ग्रॅमवर आले. पावातले मीठ हळूहळू उतरले, जिभेला पत्ताही लागला नाही. दक्षिण आफ्रिकेने तर त्यासाठी कायदाच केला.

भारतात दिल्ली-हरियाणा आणि आंध्र प्रदेशात झालेल्या अभ्यासात ८० टक्क्यांहून अधिक मीठ स्वयंपाक करतानाच पडत असल्याचे दिसले. वरण, भाजी, पोळीची कणीक, भात. त्यावर लोणचे, पापड, ठेचा. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडियम असते, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. इथे कोणताही कायदा पोहोचत नाही.

याचा अर्थ पाकिटांवरची लढाई व्यर्थ आहे असा नाही. शहरांत हा वाटा वाढतो आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये पाकिटाच्या दर्शनी भागावर ताऱ्यांचा मसुदा मांडला. तंतुमय पदार्थांसारख्या जमेच्या बाजूंमुळे खारट पदार्थालाही बरे तारे मिळू शकतात, हा त्यावरचा आक्षेप रास्त आहे. चिलीसारखा थेट काळा इशारा हवा, अशी मागणी आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितले, नंतर मुदत वाढवून दिली. तोवर ग्राहकाने एवढे करावे : पाकिटावर मीठ नव्हे, सोडियम लिहिलेले असते, त्याला अडीचने गुणावे. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ.

सैंधव चालेल का?

नाही. रंग गुलाबी असला तरी सैंधवही प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच. शिवाय अनेकदा त्यात आयोडीन घातलेले नसते. गलगंड रोखण्यासाठी साध्या मिठात घातलेले आयोडीन सोडून हे मीठ रोज वापरणे म्हणजे फायदा नाहीच, वर एक तोटा.

मग कमी सोडियमचे मीठ?

घरच्या डब्यातच बदल करणारा हा एकमेव उपाय आहे, म्हणून त्याचे महत्त्व. यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घालतात. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार जणांवर झालेल्या चाचणीत २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिले गेले. आधी पक्षाघात झालेले, किंवा साठीपुढचे आणि रक्तदाबाचे असे हे लोक होते. जवळपास पाच वर्षांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी, तर मृत्यूंचे १२ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा मिठाची शिफारस केली, पण सशर्त.

ती अट महत्त्वाची आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही, ते साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्तदाबाची काही औषधेही पोटॅशियम वाढवतात. गर्भवती आणि मुलांसाठीही ही शिफारस नाही. मूत्रपिंडाचा आजार सुरुवातीला लक्षणे दाखवत नाही, आणि घरात एका भांड्यात सगळ्यांचा स्वयंपाक होतो. त्यामुळे मधुमेही किंवा रक्तदाबाच्या रुग्णाने क्रिएटिनिनची तपासणी करून, डॉक्टरांना विचारूनच डबा बदलावा.

दुसरी अडचण दुकानात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चेन्नईतील संस्थेने तिथल्या ३०० दुकानांची पाहणी केली. कमी सोडियमचे मीठ निम्म्या सुपरमार्केटांत होते, छोट्या किराणा दुकानांपैकी मात्र केवळ चार टक्क्यांत. किंमत १०० ग्रॅमला ५ रुपये ६० पैसे. साधे आयोडीनयुक्त मीठ २ रुपये ७० पैशांना.