पगार शाबूत, जागा गेली



या अंकाचं संपादकीय अमेरिकेतल्या बास्केटबॉलवर आहे, हे वाचून तुमच्यापैकी काहीजणी पान उलटतील. जरा थांबा. मलाही या खेळातलं काही कळत नव्हतं. ‘नोकरी आणि बाळंतपण’ या विषयावरच्या शिबिराची आमची तयारी चालली होती आणि मी फळ्यावर नेहमीचे मुद्दे लिहीत होते: रजा किती, पगार किती, पाळणाघर कुठे. आमच्या गटातली एक तरुण कार्यकर्ती कॉलेजात बास्केटबॉल खेळलेली आहे. ती म्हणाली, “ताई, हे सगळं मिळालं तरी बाई हरू शकते,” आणि तिने डिअरिका हॅम्बीची हकिगत सांगितली. त्यानंतर मी जे वाचलं आणि त्यातून मला आमचंच जे आठवलं, ते इथे मांडते आहे.

अमेरिकेत स्त्रियांच्या व्यावसायिक बास्केटबॉलची डब्ल्यूएनबीए ही लीग १९९६ साली स्थापन झाली आणि १९९७ मध्ये तिचा पहिला हंगाम खेळला गेला. लगेच १९९८ मध्ये खेळाडूंनी आपली युनियन बांधली. पुढच्या वीस वर्षांत जे मिळालं ते या युनियनने टेबलावर भांडून मिळवलं. २०२० सालच्या सामूहिक करारात सर्वाधिक पगाराची मर्यादा वर्षाला सुमारे १ लाख १७ हजार डॉलरवरून २ लाख १५ हजारांवर गेली. त्याआधी बाळंतपणाच्या काळात संघ निम्म्या पगारावर भागवू शकत असे. या कराराने पूर्ण पगार दिला. मूल सांभाळण्यासाठी वर्षाला ५ हजार डॉलर, मूल असलेल्या खेळाडूला दोन शयनगृहांचं घर, हेही त्यात आलं. आपण आपल्या मागणीपत्रात जे लिहितो, ते जवळजवळ सगळं तिथे कागदावर उतरलं होतं.

आता हॅम्बीची गोष्ट. ती लास व्हेगास एसेस या संघाची खेळाडू. राखीव खेळाडूंमधली सर्वोत्तम म्हणून तिने २०१९ आणि २०२० असा दोनदा पुरस्कार मिळवलेला. २०२२ च्या जूनमध्ये संघाने तिचा करार आणखी दोन वर्षांनी वाढवला. सप्टेंबरमध्ये संघ अजिंक्य ठरला आणि त्याच महिन्यात तिने आपण दुसऱ्यांदा आई होणार असल्याचं जाहीर केलं. २१ जानेवारी २०२३ रोजी, बाळंतपणाला दीड महिना उरला असताना, संघाने तिला लॉस एंजेलिस स्पार्क्सकडे पाठवून दिलं.

याला तिकडे ‘ट्रेड’ म्हणतात, म्हणजे सरळ व्यापार. खेळाडूचा करार संघाशी असतो आणि संघ तो करार दुसऱ्या संघाच्या हवाली करू शकतो. सर्वसाधारणपणे तिची संमती लागत नाही. पगार तोच, अटी त्याच. बदलतं ते गाव, घर, सहकारी आणि मुलीची शाळा. मोबदल्यात दुसरा खेळाडू मिळतो, किंवा पुढच्या वर्षीच्या नव्या खेळाडूंमधून आधी निवड करण्याचा हक्क मिळतो. इथे एसेसने हॅम्बीबरोबर २०२४ च्या पहिल्या फेरीतला आपला निवडीचा हक्कही दिला आणि बदल्यात अमांडा झाहुई बी ही खेळाडू व दुसऱ्या फेरीतला हक्क घेतला. म्हणजे मूल्यवान हक्क देऊन तिला घालवलं, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला.

हॅम्बी गप्प बसली नाही. त्याच दिवशी तिने जाहीर निवेदन काढलं. गरोदरपण ठरवून होतं का, असं आपल्याला विचारलं गेलं. करारावर सही करतानाच आपण गरोदर असल्याचं लपवलं, असा आळ आपल्यावर घेतला गेला, असं तिने म्हटलं. लीगने चौकशी केली. मे २०२३ मध्ये प्रशिक्षक बेकी हॅमन हिला कामाच्या ठिकाणच्या सन्मानाच्या नियमांचा भंग केल्याबद्दल दोन सामने बिनपगारी निलंबित केलं. हॅम्बीला नियमाबाहेरच्या सवलतींची आश्वासनं दिल्याबद्दल संघाचा २०२५ चा पहिल्या फेरीतला निवडीचा हक्कही काढून घेतला. अदलाबदल मात्र रद्द झाली नाही. हॅमनने आरोप साफ नाकारले. निर्णय निव्वळ खेळाचा आणि पैशाच्या गणिताचा होता, असं तिचं म्हणणं. ऑगस्ट २०२४ मध्ये हॅम्बीने संघ आणि लीग या दोघांवर दावा लावला आणि २०२५ मध्ये न्यायालयाने लीगला त्यातून वगळलं. खरं-खोटं ठरवणं माझं काम नाही. माझा प्रश्न वेगळा आहे: गणितात कुणाची वजाबाकी होते?

कारण गणित खोटं नव्हतं. २०२० च्या करारानुसार प्रत्येक संघाला वर्षभराच्या पगारांसाठी ठरावीक रक्कम होती आणि तिच्यावर एक डॉलरही खर्च करता येत नसे. एका संघात जास्तीत जास्त बारा जागा. नवीन मोठी खेळाडू आणायची तर कुणाचा तरी पगार कमी करावाच लागे. हॅम्बी गेल्यावर आठवडाभरातच कँडेस पार्करने एसेसकडे येत असल्याचं जाहीर केलं. ही तीच पार्कर, जिने मे २००९ मध्ये मुलीला जन्म दिला आणि त्याच हंगामात पुन्हा खेळायला उतरली. तेव्हा त्या संघाला आई झालेली खेळाडू चालत नव्हती, असं म्हणता येत नाही. पण बाळंतपण मागे टाकून आलेली आई आणि बाळंतपण पुढे असलेली आई यांच्यात कुठलाही हिशेबनीस फरक करणार. पहिलीची किंमत सांगता येते, दुसरीपुढे प्रश्नचिन्ह असतं. आपल्याकडच्या मुलाखतींतही हा फरक केला जातोच. ‘लग्न झालंय का, पुढचा काही विचार’ हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

त्या प्रश्नचिन्हाचं काय झालं, तेही सांगायला हवं. मार्चमध्ये हॅम्बीला मुलगा झाला. मे महिन्यात हंगाम सुरू झाला तेव्हा ती स्पार्क्सकडून मैदानात होती आणि त्या वर्षीचे चाळीसच्या चाळीस सामने ती खेळली. २०२४ चा हंगाम तिच्या कारकिर्दीतला तोवरचा सर्वांत चांगला ठरला. त्याच वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये तीन-तीन खेळाडूंच्या बास्केटबॉलमध्ये तिने कांस्यपदक मिळवलं. पण हा पुरावा मला पुरेसा वाटत नाही. ती चाळीस सामने खेळू शकली नसती, अंगावर पडली असती, तर तिला पाठवणं योग्य ठरलं असतं का? बाईने दुप्पट काम करून आपला हक्क सिद्ध करायचा, ही अटच आपण मान्य करता कामा नये.

दुसरी गोष्ट गप्प बसण्याची. स्कायलर डिगिन्स ही नावाजलेली खेळाडू २०१८ चा अख्खा हंगाम गरोदरपणी खेळली आणि कुणाला कळू दिलं नाही. हे तिने २०१९ मध्ये, मूल झाल्यावर सांगितलं. २०२० च्या फेब्रुवारीत डॅलस संघाने तिला फीनिक्सकडे पाठवलं. का गप्प बसली असेल? तेव्हा अख्ख्या लीगमध्ये बारा संघ होते, म्हणजे फार तर १४४ जागा. दरवर्षी महाविद्यालयांतून छत्तीसजणी निवडल्या जात आणि त्यांतल्या कितीतरी सरावशिबिरातूनच घरी जात. आपली गीतू अ‍ॅना जोस २०११ मध्ये तिथल्या तीन संघांपुढे चाचणी देऊन आली, पण करार झाला नाही. दाराबाहेर एवढी रांग असली की आतल्या बाईचा आवाज आपोआप खाली येतो. कंत्राटी सफाई कामगार असो, विनाअनुदानित शाळेतली शिक्षिका असो, ही रांग आपल्या ओळखीची आहे.

आता जरा अवघड भाग. बेकी हॅमन ही काही आपली वैरीण नाही. पुरुषांच्या एनबीएमध्ये २०१४ साली पूर्ण वेळ पगारी सहायक प्रशिक्षक झालेली ती पहिली स्त्री. स्वतः खेळत असताना २००७ मध्ये तिचीही अशीच अदलाबदल झाली होती: न्यूयॉर्कहून सॅन अँटोनिओला. तोच सॅन अँटोनिओचा संघ २०१८ मध्ये लास व्हेगासला हलला आणि एसेस झाला. ज्या व्यवस्थेने हॅमनला एकदा इकडून तिकडे हलवलं, तिच्याच खुर्चीवर ती पुढे बसली. ‘निर्णयाच्या जागी बाई आली की प्रश्न सुटेल’ असं आपण किती भाषणांत म्हटलं आहे! बाई यायलाच हवी. पण ती आली तरी गणित जुनंच राहिलं, तर तेच उत्तर तीही काढणार.

हे लिहिताना मला दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवता येत नाही, कारण असंच एक उत्तर मीही काढलेलं आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्याच गटात एक कार्यकर्ती वस्तीतलं सल्ला केंद्र चालवत होती. तिला पाचवा महिना लागला होता आणि आमच्या प्रकल्पाचा नवा टप्पा सुरू होणार होता. आम्ही पाचजणींनी बैठक घेतली आणि तिला वस्तीतून काढून कार्यालयात अहवाल लिहायला बसवलं. ‘उन्हातान्हात कशाला हिंडतेस, तब्येतीला जप,’ असं मीच तिला सांगितलं. पगार एका रुपयानेही कमी केला नाही. रजा पूर्ण दिली. ती परत आली तोवर केंद्रावर दुसरी रुळली होती, आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात अहवाल लिहिणारीची जागाच नव्हती. तिने भांडण केलं नाही, निरोप घेतला.

काही वर्षांनी ती एस.टी. स्टँडवर भेटली. चहा घेता घेता म्हणाली, “ताई, पगार तुम्ही कधी चुकवला नाहीत. पण त्या बैठकीला मला बोलवायला हवं होतंत. वस्तीतल्या बायका माझ्या होत्या.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

म्हणून हॅम्बीची हकिगत ऐकल्यावर मला मैदान दिसलं नाही, आमची ती बैठक दिसली. आपण आजवर मुख्यतः दोन गोष्टींसाठी लढलो: बाईला गरोदरपणात काढता येऊ नये आणि तिचा पगार बुडू नये. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पहिल्या गरोदरपणातच घरी पाठवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा खटल्यात रद्द केला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांतल्या लग्नावरची बंदी मात्र त्याच निकालात ग्राह्य धरली. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला काढण्यास आणि तिच्या नोकरीच्या अटी तिला तोट्याच्या होतील अशा बदलण्यास मनाई केली गेली. पण तिला न काढता, पगार न तोडता, फक्त हलवलं तर? बदली हा तर व्यवस्थापनाचा अधिकारच मानला जातो. पुढचं दार आपण बंद केलं. बदलीचं हे मागचं दार उघडंच राहिलं.

जागा म्हणजे केवळ खुर्ची नव्हे. बाईने वर्षानुवर्षं उभं केलेलं काम, तिच्यावर विश्वास टाकणारी माणसं, मुलाला सांभाळणारी शेजारीण, हे सगळं त्या जागेत असतं. पगाराच्या पावतीवर यातलं काहीच दिसत नाही, म्हणून ते गेल्याची तक्रारही नोंदवता येत नाही.

शिबिराच्या फळ्यावर मग आम्ही चार मुद्दे वाढवले. गरोदर असल्याचं सांगितल्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत तिच्या लेखी संमतीवाचून बदली नाही. रजेवरून परतल्यावर तीच जागा, ‘तत्सम’ नव्हे. बदलीचा निर्णय घ्यायचाच असेल, तर त्या बैठकीला ती हजर हवी आणि कारण लेखी हवं. आणि तक्रार ऐकणाऱ्या समितीत निर्णय घेणारी व्यक्ती नको, मग ती व्यक्ती बाई का असेना. कंत्राटी कामात बदलीऐवजी करार पुढे न वाढवण्याची युक्ती असते. तिथेही हाच नियम लावायला हवा.

हे मागणीपत्र सरकारला आणि मालकांना द्यायचंच आहे. पण आधी ते आपापल्या गटाच्या, संस्थेच्या, युनियनच्या नियमांच्या वहीत लिहू या. आमच्या वहीत ते या महिन्यात लिहिलं गेलं. ठरावावर पाचजणींच्या सह्या आहेत. त्या जुन्या बैठकीला हजर असलेल्यांपैकी आम्ही दोघी त्यात आहोत.

तुमच्याकडे असा नियम आहे का? नसेल तर का नाही? आणि असं कुणाला हलवल्याचं तुम्हाला आठवतं का? नावं न लिहिता कळवा. आलेल्या पत्रांसाठी पुढच्या अंकात पानं राखून ठेवली आहेत.