नवी अल्टो की जुनी? किमतीपेक्षा उत्पादनाची तारीख महत्त्वाची

करकपातीनंतर लहान मोटारींचे दर उतरले असले, तरी वापरलेल्या गाड्यांची मागणी ओसरलेली नाही. मात्र एकाच नावाखाली विकल्या गेलेल्या चार पिढ्यांमध्ये सुरक्षिततेचे मोठे अंतर आहे.

मध्यमवर्गीय कुटुंबात पहिली मोटार घेण्याचा विषय निघाला की गेली पंचवीस वर्षे एक नाव हमखास पुढे येते, ते मारुती अल्टोचे. गाडी कोणती हा प्रश्न तेथे फारसा नसतोच. नवी घ्यावी की जुनी, एवढाच असतो. त्याचे उत्तरही ठरलेले असे. हाताशी पैसे असतील तर शोरूम, नसतील तर ओळखीचा एजंट. सप्टेंबर २०२५ मधील जीएसटी कपातीनंतर मात्र हे उत्तर पूर्वीइतके सरळ राहिलेले नाही.

बाराशे सीसीपर्यंतचे इंजिन आणि चार मीटरपर्यंत लांबी असलेल्या पेट्रोल मोटारींवर तोपर्यंत २८ टक्के जीएसटी आणि एक टक्का उपकर, असा एकूण २९ टक्के भार होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्क्यांवर आला. त्या वेळी अल्टो के-१० च्या सर्वांत स्वस्त आवृत्तीची शोरूममधील किंमत ४ लाख २३ हजारांवरून ३ लाख ७० हजारांच्या आसपास उतरली. निव्वळ कराचा हिशेब केला तर ही किंमत सुमारे ३ लाख ८७ हजारांवर थांबायला हवी होती. याचा अर्थ उरलेली सवलत कंपनीने आपल्या पदरची दिली.

त्यामागचे कारण विक्रीच्या आकड्यांत दडलेले आहे. २०१८-१९ या आर्थिक वर्षात एकट्या अल्टोची विक्री अडीच लाखांहून अधिक होती. २०२४-२५ मध्ये अल्टो आणि एस-प्रेसो या दोन्ही गाड्या मिळून सव्वा लाखाच्या आसपासच विकल्या गेल्या. पहिल्यांदा मोटार घेणारा ग्राहक दुचाकीवरच थांबला किंवा वापरलेल्या गाडीकडे वळला. त्या ग्राहकाला परत शोरूममध्ये आणण्याचा हा प्रयत्न आहे.

एक नाव, अनेक गाड्या

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मोटार ही श्रीमंतांचीच वस्तू हा समज मागे पडला. सप्टेंबर २००० मध्ये अल्टो आली ती तिची धाकटी बहीण म्हणून. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, आटोपशीर बांधा आणि गल्लीबोळातल्या गॅरेजमध्येही होणारी दुरुस्ती, या तिच्या जमेच्या बाजू होत्या. एप्रिल २०१० मध्ये मुंबई, पुणे आणि सोलापूरसह तेरा शहरांमध्ये भारत स्टेज-४ हे प्रदूषणविषयक निकष लागू झाले आणि मारुती ८०० ची या शहरांतील विक्री थांबली. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादनही बंद झाले. तिची जागा साहजिकच अल्टोने घेतली.

त्याच वर्षी, म्हणजे २०१० मध्ये, ९९८ सीसी इंजिनाची अल्टो के-१० बाजारात आली. घाटात दम टाकणाऱ्या छोट्या इंजिनाची तक्रार तिने बऱ्याच अंशी दूर केली. ऑक्टोबर २०१२ मध्ये मूळ गाडीचा पूर्ण कायापालट होऊन अल्टो ८०० आली. नोव्हेंबर २०१४ मध्ये के-१० चेही रूप बदलले आणि क्लचविना चालणाऱ्या गिअरची सोय परवडणाऱ्या दरात मिळू लागली. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वस्वी नव्या सांगाड्यावरची के-१० दाखल झाली. मार्च २०२३ अखेर ८०० सीसीच्या अल्टोने निरोप घेतला. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या उत्सर्जनाच्या पुढच्या टप्प्यासाठी या इंजिनावर खर्च करणे कंपनीला परवडणारे नव्हते.

आज वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात 'अल्टो' म्हणून या सर्व पिढ्या शेजारी शेजारी उभ्या असतात. विकणारा किती किलोमीटर धावली ते सांगतो, रंग दाखवतो, टायर दाखवतो. गाडी कोणत्या नियमांच्या काळात तयार झाली, हे मात्र ग्राहकाला स्वतःच शोधावे लागते.

नियमांनी आखलेल्या रेषा

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान मोटारींच्या धडक चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर केले. एअरबॅग नसलेल्या अल्टो ८०० ला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी एकही तारा मिळाला नाही. अल्टो यात एकटी नव्हती, उर्वरित चार गाड्यांचीही हीच गत झाली होती. दोष एका कंपनीचा कमी आणि त्या काळच्या नियमांचा अधिक होता. ताशी ५६ किलोमीटर वेगाने समोरून धडक देऊन घेण्याची चाचणी कायद्याने सक्तीची झाली तीच मुळी ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलसाठी आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मॉडेलसाठी.

त्यानंतरचे बदल झपाट्याने झाले. एप्रिल २०१९ पासून ब्रेक लावल्यावर चाके जॅम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सर्व मोटारींना अनिवार्य झाली. १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्ट न लावल्यास इशारा, वेगमर्यादेचा इशारा आणि मागे घेताना सूचना देणारे सेन्सर सक्तीचे झाले. चालकाशेजारच्या आसनासाठी एअरबॅग लावण्याची मुदत जुन्या मॉडेलना डिसेंबर २०२१ अखेरपर्यंत वाढवून देण्यात आली होती. तोपर्यंत पुढच्या आसनावर बसलेल्या पत्नीला किंवा आईला ते संरक्षण मिळेलच याची खात्री नव्हती.

२०२२ च्या के-१० चा सांगाडा आधीच्या गाड्यांच्या तुलनेत भक्कम आहे. तथापि २०२३ मध्ये झालेल्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत दोन एअरबॅग असलेल्या या गाडीला प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी दोनच तारे मिळाले आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी एकही मिळाला नाही. पुढे २०२४ मध्ये घसरणारी गाडी सावरणारी ईएसपी यंत्रणा आणि मार्च २०२५ पासून सर्व आवृत्त्यांमध्ये सहा एअरबॅग देण्यात आल्या. २०२३ चे गुणांकन जसेच्या तसे या गाडीला लावता येणार नाही. त्याचप्रमाणे एअरबॅगची संख्या तिप्पट झाली म्हणून सुरक्षितताही तिप्पट झाली, असा निष्कर्ष काढणेही घाईचे ठरेल. मुलांना घेऊन नेहमी द्रुतगती मार्गावर जाणाऱ्या कुटुंबाने ही मर्यादा ध्यानात ठेवावी.

हिशेब काय सांगतो?

इंधनाची बचत होईल या अपेक्षेने नवी गाडी घेणाऱ्यांची मात्र निराशा होण्याचीच शक्यता अधिक. २०१२ च्या अल्टो ८०० साठी कंपनीचा दावा लिटरमागे २२.७४ किलोमीटरचा होता, तर २०२२ च्या के-१० च्या साध्या गिअरच्या गाडीसाठी तो २४.३९ किलोमीटर आहे. वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीत या फरकाने जेमतेम तीस लिटर पेट्रोल वाचते. सीएनजीवरील के-१० साठी किलोमागे ३३.८५ किलोमीटरचा दावा आहे. रोजचा प्रवास मोठा असणाऱ्यांना तो पर्याय खऱ्या अर्थाने किफायतशीर ठरतो.

खर्चाची दुसरी बाजूही पाहायला हवी. ३ लाख ७० हजारांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात ११ टक्के दराने सुमारे ४१ हजार रुपये मोटार वाहन कर भरावा लागतो. विमा आणि नोंदणी धरून ही गाडी सव्वाचार लाखांच्या वर जाते. उदाहरणादाखल, एखादी सुस्थितीतील जुनी गाडी सर्व खर्चासह पावणेतीन लाखांत पडत असेल, तर फरक दीड लाखाचा उरतो. हे दीड लाख रुपये नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचे म्हटले तर दरमहा सुमारे ३,११० रुपयांचा हप्ता बसतो. जुन्या गाडीच्या दुरुस्तीवर, टायर-बॅटरीवर याहून कमी खर्च होत असेल तर जुनी गाडी फायद्याची. शिवाय वापरलेल्या गाडीसाठीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीच्या कर्जापेक्षा सहसा चढा असतो, हेही विसरून चालणार नाही.

करांच्या बाबतीत एक विसंगतीही निर्माण झाली आहे. नोंदणीकृत विक्रेत्याला वापरलेल्या लहान मोटारीवरील आपल्या नफ्यावर पूर्वी १२ टक्के जीएसटी द्यावा लागे. जानेवारी २०२५ मध्ये तो १८ टक्के झाला. नव्या गाडीवरील कर घटत असताना जुन्या गाडीच्या व्यवहारावरील कर वाढला. दोन व्यक्तींमधील थेट व्यवहारावर मात्र जीएसटी नाही. ओळखीच्या माणसाकडून गाडी घेण्याची जुनी पद्धत म्हणूनच आजही तग धरून आहे.

पेट्रोलचा नवा प्रश्न

जुन्या अल्टोपुढे अलीकडे उभा राहिलेला प्रश्न २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा आहे. एप्रिल २०२३ नंतर तयार झालेल्या गाड्यांचे सुटे भाग या इंधनाला अनुरूप आहेत. त्यापूर्वीच्या गाड्या कमी इथेनॉल गृहीत धरून बनविलेल्या आहेत. अशा मोटारींचे मायलेज किंचित घटते आणि काही रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले होते. हा खर्च डोंगराएवढा नाही. तरी दहा-बारा वर्षांची गाडी घेताना इंधनाच्या नळ्या आणि जोड मेकॅनिककडून तपासून घेणे शहाणपणाचे.

याच तपासणीत आणखी काही गोष्टी उरकता येतात. ८०० सीसी इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. तो केव्हा बदलला याची नोंद मागावी. के-१० मध्ये त्याऐवजी साखळी असते. मुंबई आणि कोकणपट्टीत वापरलेल्या गाडीच्या दारांच्या कडा, चाकांच्या वरचा पत्रा आणि पायाखालची मॅट उचलून तळ पाहावा. वरून चकाकणारा रंग गंज झाकण्यासाठीही मारलेला असू शकतो.

कागदपत्रांचा फास

गाडीपेक्षाही कागदपत्रांनी अडचणीत आलेल्यांची संख्या कमी नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१० किंवा २०११ मधील स्वस्त अल्टो घेणाऱ्याच्या दारात नूतनीकरण आलेलेच असते. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून पाच हजार रुपये झाले; वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते दहा हजार करण्यात आले. पर्यावरण कर आणि योग्यता तपासणीचा खर्च वेगळाच. दिल्ली परिसरातील निर्बंधांमुळे तेथून स्वस्तात येणाऱ्या गाड्यांचा मोह अनेकांना पडतो. त्यांना ना हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रातील कराचा भरणा या दोन पायऱ्या ओलांडाव्या लागतात, आणि स्वस्ताई तेथेच बरीचशी विरते.

गाडी विकणाऱ्यानेही निर्धास्त राहण्याचे कारण नाही. मोटार अनेकांच्या हातून गेली, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली आणि अपघात झाला, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच टाकली. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ते एजंटाच्या हवाली केले म्हणजे गाडी विकली गेली, असे कायदा मानत नाही. आरटीओच्या दप्तरी नाव बदलेपर्यंत जबाबदारी सुटत नाही. घेणाऱ्यानेही विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा. अन्यथा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो.

निवड कोणी कोणती करावी?

शहरातल्या शहरात, सिग्नल ते सिग्नल अशा वेगाने चालणाऱ्या वापरासाठी २०१९ च्या मध्यानंतरची, शक्य तर २०२२ मधील अल्टो ८०० हा खिशाला झेपणारा आणि किमान संरक्षण देणारा पर्याय आहे. नोंदणीची आणखी बरीच वर्षे तिच्या हाती असतात. गावी वरचेवर जाणाऱ्या, घाट आणि महामार्ग ज्यांना चुकत नाही अशा कुटुंबांनी मार्च २०२५ नंतरच्या के-१० साठी जादा हप्ता सोसणे योग्य. २०१९ पूर्वीच्या गाड्या कितीही कमी धावलेल्या असल्या, तरी एबीएस आणि एअरबॅग नसलेली आवृत्ती कुटुंबाची मुख्य गाडी म्हणून घेऊ नये. हात बसण्यासाठी घ्यायचीच असेल तर ती कमी वेगाच्या रस्त्यांपुरतीच ठेवावी.

व्यवहार ठरविण्यापूर्वी नोंदणी पुस्तकातील उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. नोंदणीची तारीख आणि उत्पादनाची तारीख यांत कित्येकदा काही महिन्यांचे अंतर असते, आणि नियम बदलण्याच्या सुमारास या अंतराने फार फरक पडतो. गाडीचा दर घासाघीस करून पाच-दहा हजारांनी खाली आणता येतो, पण कारखान्यात न बसवलेली एअरबॅग नंतर कोणत्याही गॅरेजमध्ये बसवून मिळत नाही.