परतीच्या तिकिटापासून सुरुवात

मराठी माणूस प्रवासाचा बेत आखतो तो जाण्याच्या दिवसापासून. गाडी किती वाजता, दशम्या किती बांधावयाच्या, कुंड्यांना पाणी कोणी घालावयाचे, येथवर सारे चोख असते. परत कधी यावयाचे हे मात्र रजा संपण्याच्या तारखेवरून आपोआप ठरते. माथेरानला ही रीत चालून जाते. समुद्राच्या पोटात शिरावयाचे असेल, तर चालत नाही. तेथे बेताच्या कागदावर पहिली ओळ परतीच्या विमानाच्या वेळेची लिहावी लागते, आणि बाकीचे दिवस तिच्यापासून उलटे मोजावे लागतात.

आमच्या घरात हे खूळ आणले ते आमच्या सौभाग्यवतींनी. तिचे माहेर मालवणचे. "सारे बालपण समुद्राकाठी गेले, पण त्याच्या पोटात काय आहे ते काही कधी पाहिले नाही," असे ती पुष्कळदा म्हणे. कन्येने हे ऐकले आणि बाली बेटावरच्या तुलांबेन गावाजवळ बुडालेल्या एका जहाजाची चित्रे आईपुढे टाकली. झाले! मे महिन्याची सुट्टी, सहा दिवस आणि बाली, असे ठरून गेले. नियोजनाचे खाते नेहमीप्रमाणे माझ्याकडे आले.

त्या जहाजाची कथा मोठी विलक्षण आहे. 'लिबर्टी' हे अमेरिकन मालवाहू जहाज. ११ जानेवारी १९४२ रोजी लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्यावर पाणतीर सोडला. ओढून नेता नेता ते बुडेल असे दिसल्यावर निदान माल तरी वाचावा म्हणून त्याला तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढविले. तेथे ते एकवीस वर्षे पडून होते. १९६३ साली आगुंग ज्वालामुखीचा भयंकर उद्रेक झाला, हजाराहून अधिक माणसे दगावली, आणि त्या हादऱ्यांनी हे जहाज घसरत पुन्हा पाण्यात गेले. आज सुमारे १२० मीटर लांबीचे ते धूड काठापासून हाकेच्या अंतरावर आहे. वरचा भाग पाच-सहा मीटरांवर, खालचा तीसच्या आसपास. होडीदेखील लागत नाही. काळ्या गोट्यांच्या किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरावयाचे. हवेच्या जड टाक्या गावातल्या बायका डोक्यावर घेऊन अशा झपझप चालतात की, आपण आपली पिशवी सांभाळताना शरमून जावे.

मे महिना पावसाच्या दृष्टीनेही सोयीचा, कारण बालीत साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ. मार्चमध्ये जाणाऱ्यांनी मात्र पंचांग पाहावे. तेथेही शक संवत्सर चालते, आणि वर्षारंभाला 'न्येपी' म्हणजे मौनाचा दिवस पाळतात. त्या दिवशी विमानतळसुद्धा चोवीस तास बंद! २०२३ साली न्येपी आणि आपला गुढीपाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला आले होते. दोन्हीकडे शके १९४५ लागले.

प्रवासाच्या एजंटाने पहिला कागद आणून दिला तो असा: दोन दिवस देवळे, मग किंतामणीचा डोंगर, चौथ्या-पाचव्या दिवशी बुड्या, आणि सहाव्या दिवशी पहाटे विमान. म्हणजे गोड पदार्थ शेवटी! मी तो कागद परत केला. कारण असे की, टाकीत निव्वळ प्राणवायू नसतो, आपली साधी हवाच दाबून भरलेली असते. खोल पाण्यात दाबाखाली ती श्वासात घेतली की, तिच्यातला नायट्रोजन शरीरात मुरतो. गोटीच्या सोड्याची बाटली आठवा. गोटी बसलेली असते तोवर पाणी कसे निवांत! गोटी दाबली की फसफस. पाण्यातून हळूहळू वर आले, तर मुरलेला वायू श्वासावाटे निघून जातो. पण सगळा निघावयास तास लागतात. तेवढ्यात विमानात बसलो, तर तेथे हवेचा दाब दीड-दोन हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तसा कमी. गोटी दाबलीच म्हणावयाची! सांधे धरतात, कोणाचे हातपाय लुळे पडतात.

म्हणून जाणकारांचा नियम असा: एकच बुडी असेल, तर विमानापूर्वी निदान बारा तास, अनेक बुड्या असतील तर निदान अठरा तास कोरडे राहावे. चोवीस राहिलात तर उत्तम. हाच नियम डोंगरालाही लागू. किंतामणी सुमारे दीड हजार मीटर उंच. सकाळी बुडी मारून दुपारी तेथे मोटारीने चढणे म्हणजे विमानात बसल्यासारखेच.

आमचा कागद मग असा झाला. पहिला दिवस उतरून तुलांबेनला जाण्याचा, मोटारीने सुमारे तीन तास; त्या दिवशी भरपूर पाणी पिणे आणि झोप. दुसरा आणि तिसरा दिवस मिळून चार बुड्या. चौथा दिवस कोरडा. पाचव्या दिवशी किंतामणी. सहाव्या दिवशी विमान.

दोन दिवसांत चार बुड्या बसल्या त्या घरच्या तयारीमुळे. पूर्ण शिक्षणक्रमाला तीन-चार दिवस लागतात. पण धडे घरी वाचून आणि तलावातले सराव आपल्या शहरातच उरकून गेले, तर परदेशी फक्त समुद्रातल्या चार बुड्या उरतात. दोनशे मीटर पोहून दाखवावे लागते आणि दहा मिनिटे तरंगावे लागते. मग अठरा मीटरांपर्यंत जाण्याचा परवाना मिळतो. ज्यांना नुसती चव घ्यावयाची आहे, त्यांना शिक्षकाचा हात धरून बारा मीटरांपर्यंत जाता येते. त्यासाठी बाली गाठण्याचीही गरज नाही. आपल्या तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची या विद्येची संस्था आहे; पावसाळा तेवढा टाळावा.

या तयारीत एक कागद असतो, तो आरोग्याच्या प्रश्नांचा. पंचेचाळिशी ओलांडली आहे काय, रक्तदाब आहे काय, दमा आहे काय. जेथे 'होय' येते तेथे बहुधा डॉक्टरांची सही लागते. मी बावन्न वर्षांचा, म्हणून मुकाट्याने सर्व तपासण्या करून सही आणली. सौभाग्यवतींचा प्रश्न वेगळा होता. तिला लहानपणापासून दमा. आता त्रास थोडा, पण थंडीत पंप उशाशी असतोच.

कन्या म्हणाली, "आई, तू सरळ 'नाही'वर खूण कर. तिथे कोण विचारणार आहे?"

हिने पेन हातात धरले, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, वर येताना छातीतली हवा फुगते म्हणालात, ती किती?"

मी सांगितले, "दहा मीटरांवर दाब दुप्पट. तिथे भरलेला श्वास वर येईतो दुप्पट होतो. म्हणून पहिलाच नियम, श्वास कधी कोंडावयाचा नाही."

"आणि माझा आपोआप कोंडला तर?"

कन्या काही बोलली नाही. हिने 'होय'वर खूण केली.

डॉक्टरांनी फुंकर मारून घेण्याची चाचणी केली. दमा ताब्यात असलेल्या काहींना अशी परवानगी मिळते. हिला मिळाली नाही. आकुंचलेल्या श्वासनलिकेमागे हवा अडकली, तर ती वर येताना फुफ्फुस फाडू शकते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. बेत जिच्यासाठी आखला तिचेच नाव बुडीच्या यादीतून गेले. दोन दिवस घरात कोणी बालीचा विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी हिनेच तो काढला. ते जहाज वरून तरंगत, नळीने श्वास घेत पाहता येते असे तिने वाचून काढले होते. "तिकिटे रद्द करू नका," म्हणाली.

बारीकसारीक गोष्टी थोडक्यात सांगतो. प्रवासाचा साधा विमा बुडीचा खर्च देईलच असे नाही. किती मीटरांपर्यंत देतो ते वाचून घ्यावे, आणि दाबाच्या खोलीतील उपचाराचा त्यात उल्लेख आहे ना, ते पाहावे. सर्दी झाली असेल, तर बुडी रद्द. नाक धरून कानात हवा लोटल्याखेरीज खाली उतरता येत नाही, आणि चोंदलेले कान ऐकत नाहीत. चष्मा असेल तर नंबराचा मास्क मिळतो. मिशी असेल तर मास्कमध्ये पाणी झिरपते. तिला व्हॅसलीन चोपडावे, नाहीतर तिचा मोह सोडावा. उतरल्यावर व्हिसाचे पाच लाख आणि प्रवासी कराचे, जो फेब्रुवारी २०२४ पासून लागू आहे, दीड लाख मागतील. दचकू नये, ते तेथले रुपिया असतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे जहाजाच्या बाजूने चौदा मीटरांवर होतो. पोलादी फासळ्यांवर प्रवाळ चढलेले, मधून पिवळ्या माशांचे थवे वाहत होते. वर पाहिले तर उजेडात एक आकृती हातपाय पसरून निवांत तरंगत होती. आमचे बुडबुडे फुगत फुगत तिच्यापर्यंत जात होते.

काठावर आल्यावर मी विचारले, "काय दिसले?"

"जहाज दिसले," ती म्हणाली. "आणि तुमचे बुडबुडे. थांबत नव्हते, म्हणून काळजी वाटली नाही."

पाचव्या दिवशी किंतामणीला चढलो तेव्हा आम्ही पुरते कोरडे होतो. सौभाग्यवतींनी येत्या उन्हाळ्यासाठी मालवणचे नाव काढले आहे, नळी आणि मास्क घेऊन. परतीची तारीख तिने आधीच लिहून ठेवली आहे.