घराच्या चार भिंती आणि साक्षीचा पिंजरा

वाघोलीहून शिवाजीनगरचे जिल्हा न्यायालय नगर रस्त्याने पंधरा-सोळा किलोमीटर भरते. रहदारी असली तर तास-दीड तास मोडतो. परंतु ज्या बालकावर घरातल्याच माणसाने अत्याचार केला आहे, त्याला तेवढे अंतर कापण्यास महिने, प्रसंगी वर्षे लागतात. २०२१ साली पुणे महापालिकेत आलेल्या या गावात आज उंच इमारती आहेत, बंद दारांच्या सदनिका आहेत, आणि शेजारच्या घरात काय चालते याचा पत्ता नसलेली सज्जन कुटुंबे आहेत. जुन्या वाड्यांत असे घडत नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. तेथे दारे उघडी असत आणि तोंडे बंद असत.

अशा गुन्ह्याला बाहेरचा साक्षीदार नसतो. आरोपी घरचा, जागा घरची, साक्षीदारही घरचेच. मग न्यायाधीश कशाच्या आधारे निर्णय देतात? उत्तर काहीसे अनपेक्षित आहे. प्रयोगशाळेच्या अहवालाइतकेच, पुष्कळदा त्याहून अधिक, महत्त्व एका साध्या गोष्टीला येते: मूल पहिल्यांदा काय बोलले, कोणाला बोलले आणि केव्हा बोलले.

या विचाराचा पाया ज्या निकालाने घातला, तो लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. डिसेंबर १९५१ मध्ये राजस्थानातील आठ वर्षांच्या एका मुलीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात त्यांच्यासमोर आले. मुलीला शपथ दिली नव्हती, एवढ्यावरून तिची साक्ष बाद होत नाही, असे त्यांनी ठरविले. अशा साक्षीला पुष्टी असावी हा विवेकाचा नियम आहे, तो न्यायाधीशाने मनात बाळगावा. पण पुष्टीशिवाय शिक्षा होऊच शकत नाही असे नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. शिवाय मुलीने सुमारे चार तासांनी आपल्या आईला जे सांगितले, ते आईच्या तोंडून आलेले कथन पुष्टी म्हणून ग्राह्य धरले. सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी आईचा कान हा आपल्या न्यायव्यवस्थेत पुराव्याचा भाग आहे.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पोक्सो कायद्याने हा पाया रुंद केला. रक्ताचा, दत्तकाचा वा विवाहाचा नातेवाईक, किंवा त्याच घरात राहणारा माणूस आरोपी असेल, तर गुन्हा अधिक गंभीर स्वरूपाचा मानला जातो. कलम २९ नुसार आरोपीने गुन्हा केला असे न्यायालय गृहीत धरते आणि ते खोडून काढण्याचा भार त्याच्यावर येतो. हे वाचून काहींना वाटते की आरोप झाला म्हणजे शिक्षा ठरलीच. तसे नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ साली सांगितले की मूळ तथ्ये सरकारी पक्षाने आधी सिद्ध केली पाहिजेत, त्यानंतरच ते गृहीतक उभे राहते. मुलाचे वय, आरोपी त्या वेळी तेथे असणे, घटनेचे विश्वासार्ह कथन, एवढे तरी प्रथम मांडावेच लागते.

बचाव पक्षाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इतके दिवस गप्प का बसलात? हिमाचल प्रदेशातील एका प्रकरणात सुमारे नऊ वर्षांच्या मुलीवर नात्यातल्या काकाने अत्याचार केला आणि तक्रार व्हायला जवळजवळ तीन वर्षे गेली. उच्च न्यायालयाने आरोपीला सोडले. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. आरोपी घरचाच असताना मुलीची भीती आणि कुटुंबाच्या अब्रूची चिंता यांमुळे झालेला विलंब समजण्याजोगा आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. विलंबामुळे खटला आपोआप पडत नाही, मात्र तो का झाला हे प्रामाणिकपणे सांगावे लागते. वैद्यकीय तपासणीत जखम आढळली नाही, हेही निर्दोषत्वाचे प्रमाण नव्हे. कायद्याने स्पर्शालाही गुन्हा मानले आहे, आणि स्पर्शाचा व्रण राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार असतो: मूल पढवलेले आहे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. लहान मूल मोठ्यांच्या सुरात सूर मिसळते, हे न्यायालये जाणतात. म्हणूनच साक्षीपूर्वी न्यायाधीश मुलाशी बोलून त्याला प्रश्न कळतात का, खरे-खोटे उमजते का, हे पडताळतात. साक्षीसाठी किमान वयाची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा बजावले. त्या खटल्यात सात वर्षांच्या मुलीने आईच्या खुनाबद्दल वडिलांविरुद्ध साक्ष दिली होती. साक्षीतला पढवलेला भाग वेगळा काढता आला आणि उरलेला विश्वासार्ह ठरला, तर त्यावर भिस्त ठेवता येते.

येथेच कुटुंबाचे वर्तन निर्णायक ठरते. मुलीने आईला काही सांगितले की आई मावशीला बोलावते, मावशी आजीला, मग काका, मग समाजातले एखादे जाणते गृहस्थ. प्रत्येकजण विचारतो, “नीट सांग, नक्की काय झाले?” पाचव्या वेळी मुलगी मोठ्यांचे शब्द वापरू लागते, आणि वर्षभराने उलटतपासणीत तेच शब्द तिच्याविरुद्ध उभे राहतात. त्यापेक्षा पहिल्यांदा जे ऐकले ते मुलाच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवावे. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. पुढची विचारपूस पोलीस अधिकारी आणि दंडाधिकारी यांच्यावर सोडावी.

‘घरातले घरात मिटवू’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणात अत्याचाराची माहिती न कळविल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. त्याच्याविरुद्धची कारवाई उच्च न्यायालयाने रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा उभी केली. मध्यस्थीची परंपरा कितीही आदरणीय असो, या गुन्ह्यात तिला जागा नाही. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालतो.

आणि तरीही खटले कोसळतात, बहुधा न्यायालयाबाहेर. आरोपी घरातला एकमेव मिळवता हात असेल, तर आईसमोर भाडे, शाळेची फी, सासरचे रुसवे उभे राहतात आणि मुलगी साक्षीच्या दिवशी ‘काही घडले नाही’ म्हणते. कायद्याच्या भाषेत याला फितूर होणे म्हणतात. त्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीसाठी हा शब्द फारच कठोर आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये गुजरातमधील एका खटल्यात नऊ वर्षांची पीडिता फिरली, तरी अन्य पुराव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. मात्र दंडाधिकाऱ्यांसमोरचा पूर्वीचा जबाब एकटा शिक्षेला पुरेसा होत नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून असलेली मनोधैर्य योजना आर्थिक आधारासाठी आहे. अनेक घरांना तिचे नावही ठाऊक नसते.

खोट्या तक्रारीही होतात, विशेषतः पती-पत्नीच्या वादात. केरळात २०२० साली एका आईलाच आपल्या मुलाच्या आरोपावरून अटक झाली. विशेष पथकाच्या तपासात आरोप टिकला नाही आणि २०२१ च्या अखेरीस तिची मुक्तता झाली. खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला शिक्षा आहे, बालकाला नाही. घटस्फोटाचा दावा चालू आहे एवढ्यावरून मुलाचे म्हणणे खोटे ठरत नाही. न्यायाधीशाला दोन्ही शक्यता समोर ठेवूनच तपशील चाळावे लागतात.

१९८६ मध्ये राजस्थानात अत्याचार झालेली एक बालिका पिंजऱ्यात उभी राहिली, तेव्हा एक शब्दही न बोलता रडत राहिली. पुढे उच्च न्यायालयाने आरोपीला सोडले. १८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की त्या मौनाचा लाभ आरोपीला देता येणार नाही, आणि शिक्षा पुन्हा लागू केली. मध्ये एकोणचाळीस वर्षे गेली होती.

आजच्या पोक्सो न्यायालयात वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत. ते न्यायाधीशांकडे देतात आणि न्यायाधीश मुलाला विचारतात. आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये अशी व्यवस्था असते, दार बंद असते, मध्ये विश्रांती मिळते. महाराष्ट्रातून गेलेल्या याचिकेवर जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा साक्षींसाठी स्वतंत्र केंद्रे उभारण्याचे आदेश दिले. मुलाच्या विश्वासातली एक व्यक्ती त्याच्याजवळ बसू शकते. ती मावशी असेल, शिक्षिका असेल किंवा बाल कल्याण समितीने नेमलेली साहाय्यक व्यक्ती असेल. वाघोलीहून सकाळी लवकर निघताना मुलाच्या शेजारच्या आसनावर कोण बसणार, हे त्या मुलालाच विचारलेले असावे.